आत्याचं एक लिटर

आत्याकडे एक लिटरची प्लास्टिकची बाटली आहे. थंड पेयाची, जुनी. लेबल कधीच निघून गेलंय. त्या जागी माझ्या आतेबहिणीने मार्करने चार रेघा ओढल्यात: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. रोज सकाळी बाटली भरायची आणि दिवसभरात आत्याच्या पोटात जे काही पातळ जाईल ते तिच्यातून वजा करायचं. चहाचं पाणी त्यातलं. गोळ्यांचं पाणी त्यातलं. आमटी जरा जास्त घेतली तर तेवढं पाणी ओतून टाकायचं. बाटली संपली की दिवस संपला, मग कितीही तहान लागो.

आत्या पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. तिच्या किडन्या निकामी झाल्या त्याला दीड वर्ष झालं. लघवी जवळजवळ होतच नाही. त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं: आधी पावलांवर सूज, मग पोटात, मग फुप्फुसात. एकदा लग्नघरी तिने दोन ग्लास सरबत जास्त प्यायलं आणि रात्रभर उशीला टेकून बसून काढली, आडवं झालं की श्वास लागत होता. लोणचं बंद, सुकी मासळी बंद, पापड बंद, कारण मीठ खाल्लं की तहान लागते. नारळपाणी बंद, कारण त्यात पोटॅशियम. कोकणातल्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा काय असणार?

आणि तिच्या दारात नळ येऊन आता तीन वर्षं झालीत.

"आधी पाणी नव्हतं म्हणून पीत नव्हते. आता दारात नळ आलाय, तर म्हणतात पिऊ नको." हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि हसते. लोकही हसतात. मला मात्र यातल्या पहिल्या वाक्याने गाठलं. पाणी नव्हतं म्हणून पीत नव्हते. माणूस असं करू शकतो? आणि शरीर ते चालवून कसं घेतं?

*

किडन्या रक्त गाळतात, एवढं शाळेत वाचलेलं होतं. माझ्या डोक्यात चहाची गाळणी होती: चांगलं ते खाली जातं, चोथा वर राहतो. आत्या आजारी पडल्यावर नीट वाचलं, तेव्हा कळलं की काम बरंचसं उलटं आहे. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे ठेवून किडनी बाकी सगळंच नळीत सोडून देते. पाणी, मीठ, साखर, युरिया, सगळं. मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर. रक्तातला द्रव जेमतेम तीन लिटर असतो. तोच दिवसातून साठ वेळा बाहेर काढला जातो.

मग परत घेणं सुरू होतं. एकेका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या आहेत. त्यांतून हा द्रव पुढे जात असताना शरीर आपल्या गरजेच्या वस्तू उचलून घेतं. निरोगी माणसाची साखर जवळजवळ सगळी. मीठ लागेल तेवढं. पाणी ९९ टक्के. शेवटी उरतं ते दीड-दोन लिटर, आणि तीच आपली लघवी.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. कारण याचा अर्थ असा की किडनी घाणीची यादी करत बसत नाही. काही पदार्थ ती मुद्दाम ढकलून देते, हे खरं. पण तिची मुख्य रीत वेगळी आहे. तिच्याकडे यादी असते ती गरजेच्या वस्तूंची. ज्याला परत यायचं दार आहे ते परत येतं, बाकीचं वाहून जातं. म्हणूनच गेल्या वर्षी कारखान्यात तयार झालेलं, माणसाच्या शरीराने कधीही न पाहिलेलं औषधसुद्धा ती बाहेर काढू शकते. ते घाण आहे की नाही, हे तिला ओळखावं लागत नाही.

दुसरी गोष्ट युरियाची. आपण डाळ, मासे, अंडी खातो, त्यातली प्रथिनं वापरली गेली की अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. माशाला भोवती पाणीच पाणी, तो अमोनिया तसाच सोडून देतो. पक्षी आणि पाली यांना पाणी जपायचं असतं, म्हणून ते हीच घाण पांढऱ्या, घट्ट रूपात टाकतात. पालीच्या लेंडीचं पांढरं टोक दिसतं ना, ते हेच. माणूस मधला. आपलं यकृत अमोनियाचा युरिया करतं आणि किडनी तो टाकते. पण लगेच सगळा टाकत नाही. त्यातला काही ती स्वतःच्या आतल्या भागात साठवून ठेवते. युरिया आणि मीठ मिळून तो भाग रक्ताच्या चौपट दाट होतो, आणि या दाटपणामुळेच नळीतलं पाणी ओढलं जाऊन अंगात परत येतं. जे टाकायचं आहे, त्यालाच पाणी वाचवायच्या कामाला लावलेलं.

पाण्याचं हे परत येणं मेंदूच्या हातात आहे. रक्त एक-दोन टक्के जरी दाट झालं तरी मेंदूला कळतं. तो व्हॅसोप्रेसिन नावाचा संदेश पाठवतो आणि किडनीतल्या नळ्यांच्या भिंतीत पाण्यापुरत्या खिडक्या उघडतात. या खिडक्या म्हणजे ॲक्वापोरिन. त्या शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. उन्हात तासभर चाललात आणि लघवी गडद पिवळी झाली, की समजा खिडक्या उघड्या आहेत.

पण या काटकसरीला एक हद्द आहे. रोजची घाण वाहून न्यायला कमीत कमी अर्धा लिटर पाणी लागतंच. उपाशी राहा, झोपून राहा, तो अर्धा लिटर सुटत नाही. स्वच्छ व्हायचं तर पाणी खर्चावं लागतं. हा शरीराचा नियम आहे आणि त्यात कुणाला सूट नाही.

*

आत्याच्या अंगाने चाळीस वर्षं ही काटकसर केली.

आमच्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शहरातल्या मित्रांना सांगितलं की तिथे उन्हाळ्यात टँकर येतो, तर त्यांना खोटं वाटतं. पण सरळ उतार आणि खाली कातळ, पाणी थांबणार कुठे? ते ओढ्यातून सावित्रीत, सावित्रीतून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत आणि तिथून समुद्रात. डोंगर किडनीसारखंच सगळं सोडून देतो; परत घेणाऱ्या नळ्या तेवढ्या त्याच्याकडे नाहीत. होळी झाली की विहिरीचा तळ दिसू लागतो. मग ओढ्याच्या वाळूत खणलेल्या डवऱ्यापाशी बसायचं, वाटीवाटीने पाणी हंड्यात भरायचं, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी आणि चढ.

हे मी पाहिलंय. केलेलं नाही. उन्हाळी सुट्टीत आत्याकडे गेलो की मला कुणी हंडा उचलायला सांगितला नाही. मी मुलगा होतो, शिवाय पाहुणा. डवऱ्यावरून आल्याबरोबर आत्या पहिला तांब्या मला द्यायची.

ती स्वतः कमी प्यायची, याला पाण्याची टंचाई हे एक कारण होतं. दुसरं कारण तिने मला अलीकडे सांगितलं, तेही महाडला जाताना गाडीत, खिडकीबाहेर बघत.

"पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?"

घरात संडास नव्हता. परसाकडे जायचं ते उजाडायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर. मधले बारा-तेरा तास अंगाने थांबायचं. लावणीच्या दिवसांत बांधावर पुरुषही असायचे, मग तर दुपारपर्यंत घोटभरसुद्धा नाही. चाळीस वर्षं तिचा मेंदू तो संदेश पाठवत राहिला असेल, खिडक्या उघड्या राहिल्या असतील, पाणी परत परत आत ओढलं गेलं असेल.

किडन्या यामुळेच गेल्या का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, साखर आणि रक्तदाब. दोन्ही कित्येक वर्षं अंगावर काढलेत. मलाही आजाराला सोयीचं कारण चिकटवायचं नाही. पण आजाराचं कारण एक आणि अन्याय दुसरा, हे दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकतात. शरीराला ही काटकसर दिली आहे ती संकटासाठी: वाट चुकलेल्या, तापाने फणफणलेल्या, दुष्काळात सापडलेल्या माणसासाठी. आम्ही ती बायकांचा रोजचा कारभार म्हणून वापरली. शरीर सोसतंय ना, मग चाललंय की. घर नीट चालत होतं, पाहुण्याला तांब्या मिळत होता. त्याचा खर्च कुठे टाकला जातोय, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. मलाही नाही.

*

आता आठवड्यातून दोनदा आम्ही महाडला जातो. डॉक्टर तीनदा म्हणतात. गाडीभाडं दोनदाच परवडतं. आत गेल्या गेल्या आत्याला वजनकाट्यावर उभं करतात. मागच्या वेळेपेक्षा दोन-अडीच किलो वाढलेलं असतं. ते वजन पाण्याचं. मग चार तास मशीन.

एकदा तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं की या मशीनला पाणी किती लागतं. गाळलेल्या रक्तातली घाण ओढून घ्यायला पलीकडून शुद्ध पाण्यात बनवलेला द्राव सतत वाहत ठेवावा लागतो, मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर. चार तासांचे झाले १२० लिटर. शिवाय तेवढं शुद्ध पाणी तयार करताना वाया जातं ते वेगळंच. शरीर तेच तीन लिटर साठ वेळा फिरवून काम भागवतं, मशीनला ते जमत नाही.

आत्या ऐकत होती. तिने मनातल्या मनात हिशेब केला.

"म्हणजे दहा हंडे."

थोड्या वेळाने म्हणाली, "दहा हंडे? माझ्या एकटीला?"

तिच्या आवाजात लाज होती. आयुष्यात एवढं पाणी तिच्या एकटीवर कुणी खर्च केलं नव्हतं.

*

चार तास बसून राहणं होत नाही, म्हणून मी महाडात फिरतो. फिरताना पाय चवदार तळ्याकडे वळतात.

तळ्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठरावही केला होता. कागद होता, पाणी नव्हतं. मार्च १९२७ मध्ये इथे परिषद भरली, तेव्हा आलेल्या हजारो माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं समोर असताना. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या सगळ्यांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. मग माणसांना मारहाण झाली, आणि त्यानंतर तळ्याचं शुद्धीकरण. १०८ घागरी पाणी काढलं गेलं. दूध, दही, शेण, गोमूत्र घातलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या गेल्या. कोर्टकचेरी दहा वर्षं चालली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

हे मी अनेकदा वाचलं होतं. पण आत्याला मशीनवर सोडून आल्यावर त्या पायऱ्यांवर बसलो, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. गोमूत्र म्हणजे काय? गाईच्या किडनीने गरज नाही म्हणून टाकलेलं पाणी. ते पिण्याच्या पाण्यात ओतलं की पाणी शुद्ध, आणि माणसाची ओंजळ बुडाली की अशुद्ध. यात घाणीचा प्रश्न नव्हताच. यादीचा होता. कोण घाण, याची यादी आधीच तयार होती. पाणी त्या यादीप्रमाणे वागायला लावलं जात होतं.

किडनीची रीत नेमकी याच्या उलट आहे, असं म्हणायचा मोह इथे होतो, पण मी जरा थांबतो. शरीराचा दाखला देऊन समाज समजावणं हा फार जुना उद्योग आहे. मुखापासून कोण जन्मले, बाहूंपासून कोण, मांड्यांपासून कोण आणि पायांपासून कोण, हे सांगणारेही शरीराचाच दाखला देत होते. निसर्ग असा आहे म्हणून माणसांनी असं वागावं, असं म्हणायला लागलो की कुठेही पोहोचता येतं. पाल आपलं शेपूट टाकून पळते, म्हणून आपण म्हाताऱ्यांना टाकावं असं नाही.

तरी एक गोष्ट खटकतेच. त्या जुन्या दाखल्यात मुख आहे, बाहू आहेत, मांड्या आहेत, पाय आहेत. बाहेरून दिसतं तेवढंच. आत बसून रात्रंदिवस सगळ्यांची घाण काढणारं इंद्रिय त्यात कुणी मोजलेलं नाही. कदाचित ते मोजलं असतं तर पंचाईत झाली असती. कारण मुख काय आणि पाय काय, दोन्हींचं रक्त मिनिटामिनिटाला तिथेच येतं आणि एकाच नळ्यांतून जातं.

शरीराकडून नीती मिळत नाही, हे मान्य. पण बिल मिळतं. रोज अर्धा लिटर, प्रत्येकाला, जन्म कुठेही झालेला असो. १९२७ च्या उन्हाळ्यात तळ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या किडनीलाही तेवढंच लागत होतं, जेवढं तळ्यात घागर बुडवणाऱ्याच्या. पाणी नाकारणं म्हणजे नुसती तहान लावणं नाही. आपली घाण आपल्याच रक्तात ठेवून जग, असं सांगणं. आणि वर त्यालाच घाण म्हणणं. नीतीचा प्रश्न या बिलानंतर सुरू होतो: ते कुणी भरायचं?

*

महाडहून परतताना सावित्री रस्त्याच्या कडेने दिसत राहते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. आमच्या भागातली कितीतरी घरं त्यांच्या पगारावर उभी आहेत. तिथल्या सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. म्हणजे वसाहतीची किडनीच. ती नीट चालवायला पैसा लागतो, वीज लागते, लक्ष लागतं. जिथे जिथे हा खर्च वाचवला जातो, तिथे तो संपत नाही, खाली सरकतो. खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या जाळ्यात येतो.

जुलै २०२१ मध्ये महाड बुडालं, तेव्हाही हेच पाहिलं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून निघालेला चिखल, भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य रस्त्यावर आलं. ते उचलायला बाहेरच्या शहरांतून सफाई कामगारांची पथकं आली. आम्ही पोलादपुरातून मदतीला गेलो होतो, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. गुडघाभर चिखलातल्या एका कामगाराला बाटली दिली, तर त्याने आधी हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "वरून ओता." त्याचे हात भरले होते, म्हणून तो तसं म्हणाला. पण मला एकदम दुसरंच आठवलं.

आत्याच्या अंगणात, लावणीच्या दिवसांत, बौद्धवाडीतून एक बाई यायची. दुपारी ती पाणी मागायची. आत्या तांब्या घेऊन बाहेर जायची आणि वरून, हात न लागेल अशा बेताने, तिच्या ओंजळीत ओतायची. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा मी धावत जाऊन सरळ तिच्या हातात तांब्या दिला. ती बाई घाबरली. तिने तो खाली ठेवला. आत्या मला ओरडली नाही. नुसता तांब्या उचलून चुलीतल्या राखेने घासत बसली, बराच वेळ. डवऱ्यावरून वाटीवाटीने आणलेलं पाणी त्या घासण्यावर गेलं.

ज्या बाईला स्वतःला प्यायला पाणी नव्हतं, तिने ते यासाठी खर्च केलं. तिच्यावर अन्याय झाला आणि तिनेही केला. दोन्हीचा हिशेब एकाच हंड्यातला आहे, आणि यातलं एक सांगून दुसरं गाळणं मला जमणार नाही.

गेल्या महिन्यात मशीनवर असताना मी तिला त्या तांब्याबद्दल विचारलं. शेजारच्या मशीनवर कुणी एक म्हातारी होती. कुठली, कुणाची, आम्ही विचारलं नव्हतं आणि तिनेही नाही. दोघींच्या मशीनना पाणी एकाच टाकीतून येत होतं.

"तेव्हा सगळेच तसं करायचे," आत्या म्हणाली.

मी काही बोललो नाही. मशीनचा पंप फिरत होता. दहा-पंधरा मिनिटांनी, मला वाटलं तिला झोप लागली, तर डोळे मिटूनच म्हणाली, "दुपारची यायची ती. उन्हाची. मी घोट-घोटच ओतायचे."

मग डोळे उघडून विचारलं, "बाटलीत किती राहिलंय रे?"

मी पिशवीतून बाटली काढली, उजेडाकडे धरली. संध्याकाळच्या रेघेच्या जरा खाली.

"राहू दे," ती म्हणाली. "रात्रीच्या गोळ्यांना लागेल."